हरभऱ्याची आंब, पानावरची लव आणि उन्हातील अतिनील किरण

(हरभऱ्याचे पीक फुलोऱ्यात असताना धाराशिव जिल्ह्यातील शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या जिल्ह्यात रब्बीला हरभरा घेत नाही असा शेतकरी शोधूनच काढावा लागेल. सोयाबीन निघाले की त्याच रानात हरभरा, ही पद्धत आता कळंब-वाशीपासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंत सगळीकडे रुळली आहे. सध्या पीक फुलोऱ्यात आहे, काही ठिकाणी घाटे लागू लागले आहेत. अशा वेळी भल्या पहाटे हरभऱ्याच्या रानातून गेले की पाय चरचरतात, धोतराला किंवा लुगड्याच्या काठाला आंबट ओल लागते. भाजीसाठी शेंडे खुडणाऱ्या बायकांच्या बोटांना भेगा पडतात. ही ओल म्हणजे नुसते दव नव्हे, ती हरभऱ्याची आंब. जुनी माणसे स्वच्छ पांढरे फडके रात्री पिकावर पसरून ठेवत, पहाटे ते पिळून आंब बाटलीत भरून ठेवत आणि पोटदुखीवर, अपचनावर थोडीथोडी देत. तिच्या औषधी गुणांविषयी मी आज बोलणार नाही. एवढेच सांगतो की तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल असते. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

आज बोलायचे आहे ते ही आंब पिकाला कशासाठी लागते, ती कोठून येते, उन्हाशी तिचा संबंध काय आणि आपल्या फवारणीशी काय, याविषयी. विषय वरवर पुस्तकी वाटेल. पण घाटे अळीसाठी आपण दरवर्षी जो पैसा घालतो त्याचा काही भाग ही गोष्ट न कळल्यामुळे वाया जातो, असे माझे मत आहे.

हरभऱ्याचे पान, देठ, घाटा बारकाईने पाहिला तर सगळीकडे बारीक लव दिसते. ही लव दोन प्रकारची असते. एक साधी, टोकदार, कोरडी. दुसरी ग्रंथी असलेली, म्हणजे बारीक दांडा आणि त्याच्या टोकावर पेशींची गाठ, टाचणीच्या डोक्यासारखी. या गाठीतून आम्ल बाहेर येते आणि टोकावर थेंब होऊन बसते. रात्रीच्या दवात हे थेंब विरघळतात, म्हणून पहाटे आंब जास्त मिळते. तिच्यात मुख्यतः दोन आम्ले असतात. एक मॅलिक आम्ल, जे कच्च्या सफरचंदाला आंबटपणा देते. दुसरे वर सांगितलेले ऑक्झॅलिक आम्ल.

पिकाने एवढा खर्च करून आम्ल का तयार करावे? याचे उत्तर शेतातच मिळते. सोयाबीनवर किती प्रकारच्या किडी येतात ते आठवा: चक्रीभुंगा, खोडमाशी, उंट अळी, तंबाखूची पाने खाणारी अळी, पांढरी माशी. त्या मानाने उभ्या हरभऱ्यावर किडी मोजक्याच. बहुतेक किडींना ही आंब सोसत नाही. घाटे अळी तेवढी तिला पुरून उरली आहे, आणि म्हणूनच ती हरभऱ्यात एवढी माजते. पण तिलाही आंब पूर्णपणे मानवते असे नाही. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत या विषयावर बरेच काम झाले आहे. ज्या वाणांच्या पानांवर आम्ल जास्त, त्यांवर अळीचा उपद्रव कमी, असे तेथे आढळले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात अळीच्या कृत्रिम खाद्यात ही आम्ले वेगवेगळी मिसळून पाहिली, तेव्हा ऑक्झॅलिक आम्लाने अळीची वाढ खुंटली, मॅलिक आम्लाने तसे झाले नाही. वाढ खुंटलेली अळी जास्त दिवस लहान राहते, आणि लहान अळीला पक्षी, परोपजीवी माशा, विषाणू, निंबोळी अर्क हे सगळेच भारी पडतात.

आता उन्हाकडे वळू. सूर्यप्रकाशात आपल्याला दिसणारे सात रंग असतात, तसेच जांभळ्याच्या पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे किरणही असतात. त्यांना अतिनील किरण म्हणतात. त्यांचे तीन गट पाडले आहेत. सर्वांत घातक तो 'क' गट, तो वातावरणातच अडतो, जमिनीपर्यंत येत नाही. 'ब' गट, म्हणजे २८० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या लहरी, ओझोनच्या थरात बराचसा अडतो आणि थोडा खाली येतो. 'अ' गट, ३१५ ते ४०० नॅनोमीटरचा, बहुतेक सगळा खाली येतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पिकाच्या दृष्टीने महत्त्वाचा तो 'ब' गट: प्रमाणाने थोडा, पण सजीवांच्या पेशीतील आनुवंशिक द्रव्यालाच इजा करणारा.

ओझोनच्या थराला छिद्र पडले, आता पिके करपणार, अशी भीती एके काळी वृत्तपत्रांतून फार घातली गेली. अंटार्क्टिकावरील ओझोनची घट १९८५ साली जगापुढे आली, १९८७ साली माँट्रियल येथे करार झाला, घातक वायूंचे उत्पादन थांबले आणि आता तो थर हळूहळू भरून येत आहे. आपल्या डोक्यावर तसे छिद्र कधी पडलेच नव्हते. आपल्याकडे अतिनील किरण जास्त आहेत ते वेगळ्या कारणाने. उष्ण कटिबंधात ओझोनचा थर मुळातच पातळ असतो आणि सूर्य डोक्यावर असतो. धाराशिव विषुववृत्तापासून सुमारे १८ अंश उत्तरेला आहे. मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस दुपारचा सूर्य आपल्या बरोबर माथ्यावर येतो, सावली पायाखाली जाते. हरभऱ्याच्या दिवसांत, डिसेंबरात, तोच सूर्य दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. किरणांना हवेतून तिरपा, लांबचा प्रवास करावा लागतो आणि 'ब' गटातील किरण उन्हाळ्यापेक्षा बरेच कमी पोचतात. तरी बालाघाटाच्या निरभ्र पठारावरचे ते ऊन आहे, अगदीच सौम्य नव्हे.

हे किरण काय करू शकतात ते आपण रोज पाहतो. साधी पॉलिथीनची पिशवी एक उन्हाळा उघड्यावर राहिली की हात लावताच तिचे तुकडे पडतात. मग ठिबकच्या नळ्या वर्षानुवर्षे उन्हात कशा टिकतात? त्यांच्या प्लॅस्टिकमध्ये काजळी मिसळलेली असते, म्हणून त्या काळ्या असतात. ती काजळी अतिनील किरण शोषून घेते आणि आतले प्लॅस्टिक वाचते. झाड नेमके हेच करते, फक्त काजळीऐवजी दुसरे पदार्थ वापरते. झाडाला सावलीत जाऊन बसता येत नाही. म्हणून ते पानाच्या वरच्या सालीत आणि लवेत फ्लॅव्होनॉइड नावाचे पदार्थ साठवते. हे पदार्थ 'ब' गटातील किरण अडवतात, पण पानाला अन्न तयार करण्यासाठी लागणारा प्रकाश आत जाऊ देतात. काळ्या नळीपेक्षा ही युक्ती सरस म्हटली पाहिजे.

लवेचे हे काम प्रयोगाने सिद्ध झाले आहे. ऑलिव्हच्या पानांवरील लव काढून ती पाने 'ब' गटातील किरणांखाली ठेवली, तेव्हा त्यांच्या प्रकाशसंश्लेषणाला इजा झाली. लव शाबूत असलेली पाने तगली. पानाला हे किरण कळतात कसे, याचाही उलगडा २०११ साली झाला. वनस्पतीच्या पेशीत एक प्रथिन जोडीजोडीने असते. 'ब' गटातील किरण पडला की जोडी सुटते, सुटे प्रथिन पेशीच्या केंद्रकात कामाला लागते आणि संरक्षक पदार्थ तयार करण्याची यंत्रणा सुरू होते. म्हणजे मर्यादेतले अतिनील किरण हे पिकाला नुसते संकट नाही. ती एक सूचनाही आहे.

या सूचनेचा परिणाम लवेतील स्रावावर कसा होतो त्याचे उत्तम उदाहरण सब्जाचे आहे. सब्जा ही तुळशीची बहीण, तिच्याही पानावर सुगंधी तेलाच्या ग्रंथी असतात. काचघरात वाढवलेल्या सब्जावर संशोधकांना असे दिसले की 'ब' गटातील किरण न मिळाल्यास या ग्रंथी नीट भरतच नाहीत; किरण दिले की भरतात. साधी काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते, हे लक्षात घ्या. अंगणातल्या तुळशीचा वास आणि खिडकीच्या काचेआड ठेवलेल्या कुंडीतल्या तुळशीचा वास यांत जो फरक आपल्या घरातल्या बायकांना जाणवतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

आपल्या जास्त कामाचे उदाहरण सोयाबीनचे. अर्जेंटिनात उघड्या शेतातल्या सोयाबीनवर दोन प्रकारचे प्लॅस्टिक धरले: एक 'ब' गटातील किरण जाऊ देणारे, दुसरे अडवणारे. किरण अडवलेल्या सोयाबीनची पाने अळ्यांनी जास्त खाल्ली. ज्या पानांना किरण मिळाले त्यांत तुरट फेनॉलिक पदार्थ वाढले होते, आणि ती पाने अळीला कमी रुचली. सगळ्याच पिकांत असेच होते असे मात्र समजू नका. काही वनस्पतींत या किरणांनी लव दाट होते, काहींत विरळ. आणि किरण फारच जास्त झाले तर वाढच खुंटते.

येथे एक प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. आभाळ आले की हरभऱ्यात अळी वाढते, ती ऊन नसल्यामुळे आंब कमी होते म्हणून का? मला विचाराल तर ढगाळ हवेचा सगळा दोष अतिनील किरणांच्या अभावावर टाकणे बरोबर नाही. हरभऱ्याच्या आंबेचे प्रमाण वाणानुसार आणि पिकाच्या वयानुसार बदलते. ढगांबरोबर बहुधा रिमझिम येते आणि ती पानावरची आंब सरळ धुऊन टाकते. घाटे अळीचा पतंग रात्री अंडी घालतो. त्यातून निघालेल्या पहिल्या अवस्थेतील अळीला धुतलेले, आंब नसलेले कोवळे पान मिळाले तर तिचे फावते. आंब पुन्हा येते, यात शंका नाही. एकाच शेतातून रोज पहाटे फडके भरते, यावरूनच ते सिद्ध होते. पण मधले दिवस अळीचे असतात. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत अवकाळी पावसाची सर येऊन गेली की दुसऱ्या दिवसापासून पिकात फिरून अंडी व लहान अळ्या शोधा. तुषार संचाने पाणी दिल्यावरही हीच काळजी घ्या. तुषार बंद करा असे मी म्हणत नाही, हरभऱ्याला बेताचे पाणी देण्यासाठी तो चांगलाच आहे.

हेक्टरी ५ कामगंध सापळे लावलेले असावेत. सापळ्यात सलग दोन-तीन रात्री ८ ते १० पतंग अडकू लागले, किंवा एक मीटर ओळीत १ ते २ लहान अळ्या दिसू लागल्या, की उपाय करण्याची वेळ आली असे समजावे. त्याआधी पहिली फवारणी ५ टक्के निंबोळी अर्काची करून ठेवावी.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. जे ऊन पिकाच्या लवेला बळ देते, तेच ऊन आपण फवारलेली जैविक औषधे मारते. घाटे अळीचा विषाणू, ज्याला आपण एचएनपीव्ही म्हणून ओळखतो, तो अळीच्या पोटात गेल्यावरच काम करतो. म्हणजे अळीने पान खाईपर्यंत तो पानावर जिवंत राहिला पाहिजे. सकाळी नऊ-दहा वाजता फवारणी केली तर दिवसभराचे ऊन त्याच्यावर पडते आणि अतिनील किरण त्याची शक्ती झपाट्याने घटवतात. संध्याकाळी ऊन कलल्यावर तोच विषाणू फवारला तर अख्खी रात्र मिळते. अळी रात्रभर खाते आणि विषाणू तिच्या पोटात जातो. औषध तेच, पैसे तेच, फरक फक्त वेळेचा. विषाणू मारून काहीच झाले नाही, अशी तक्रार करणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न हाच असतो, की किती वाजता फवारले?

विषाणूची मात्रा हरभऱ्यासाठी हेक्टरी २५० एल.ई. अशी आहे. एल.ई. म्हणजे विषाणूने मेलेल्या एका पूर्ण वाढलेल्या अळीतून जेवढा विषाणू मिळतो तेवढे एकक. या द्रावणात कपड्यांना लावायची राणीपालसारखी पांढरी पावडर मिसळायला सांगतात, ते ऐकून काही जण हसतात. त्यामागचे कारण समजून घ्या. ही पावडर अतिनील किरण शोषून घेते आणि त्यांचे दिसणाऱ्या निळसर प्रकाशात रूपांतर करते. म्हणून तर सदरा पांढराशुभ्र दिसतो. पानावर ती विषाणूची छत्री होते. प्रमाण मात्र विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे ठेवा, मूठ मूठ टाकू नका. अळ्या लहान असतानाच विषाणू वापरा. बोटाच्या पेराएवढ्या झालेल्या अळ्यांवर त्याचा भरवसा धरू नये. विषाणू लागलेली अळी लगेच मरत नाही, काही दिवसांनी शेंड्याला उलटी लटकून मरते आणि तिच्या अंगातून पांढुरका द्रव गळतो. दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन अळ्या जिवंत आहेत म्हणून घाईने दुसरे औषध मारू नका.

निंबोळी अर्काचेही असेच. त्यातील ॲझाडिरॅक्टिन उन्हात टिकत नाही. ५ किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून १०० लिटर द्रावण करण्याचे कष्ट घ्यायचे आणि फवारणी मात्र भर दुपारी करायची, याला काय म्हणावे? अर्क त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत वापरून टाकावा.

लवेची दुसरीही बाजू आहे. ती किडीला अडवते, तशी किडीच्या शत्रूलाही अडवते. ट्रायकोग्रामा हा अतिशय लहान परोपजीवी कीटक किडींच्या अंड्यांत आपली अंडी घालतो. उसात, भाजीपाल्यात त्याची ट्रायकोकार्डे चांगली चालतात, म्हणून काही शेतकरी ती हरभऱ्यातही लावतात. पण हरभऱ्याच्या आंबट, चिकट पृष्ठभागावर हा इवला जीव टिकत नाही. हरभऱ्यावरील घाटे अळीची अंडी ट्रायकोग्रामाने परोपजीवित झालेली क्वचितच सापडतात. तेव्हा हरभऱ्यात ट्रायकोकार्डांवर पैसे घालू नका, असे मी स्पष्ट सांगेन. त्याऐवजी कॅम्पोलेटिस नावाची माशी लहान अळ्यांवर निसर्गतःच काम करते, तिला जपा; म्हणजे गरज नसताना सुरुवातीलाच जहाल कीटकनाशक मारून तिला संपवू नका. शेतात हेक्टरी ५० पक्षिथांबे उभे करा. आंबेचा पक्ष्यांना काही त्रास नाही.

तुरीच्या शेंगांवरही ग्रंथी असलेली चिकट लव असते आणि तिच्यातही ट्रायकोग्रामा अडकतो. गंमत अशी की रानतुरीच्या शेंगांवर साधी, आखूड लव इतकी दाट असते की घाटे अळीचे पिल्लू शेंगेपर्यंत पोचतच नाही. आपल्या लागवडीच्या तुरीत तेवढी दाट लव राहिलेली नाही. रब्बी ज्वारीच्या पानाच्या खालच्या बाजूला लव असलेल्या वाणांवर खोडमाशी अंडी कमी घालते. कापसात पाने लवदार असली तर तुडतुडे कमी, पण पांढऱ्या माशीला तीच लव आवडते. म्हणून बियाणे घेताना नुसता लवदार वाण मागून भागत नाही. आपल्या भागात कोणती कीड जास्त, ते पाहावे लागते.

भाजीपाला करणाऱ्यांसाठी थोडे सांगून थांबतो. टोमॅटोच्या रोपांना हात लावला की बोटे हिरवी-काळी आणि चिकट होतात. तो त्यांच्या लवेतील स्राव. शेडनेटमध्ये किंवा पॉलिहाऊसमध्ये वाढलेल्या रोपांना बाहेरच्यासारखे ऊन मिळत नाही. पॉलिहाऊसचा कागद उन्हात टिकावा म्हणून त्यात जे द्रव्य घातलेले असते तेही अतिनील किरणांचा काही भाग अडवते. अशी रोपे उंच, तजेलदार दिसतात, पण त्यांच्या पानांची संरक्षक तयारी अपुरी असते. ती एकदम उघड्या रानात लावली की तीन-चार दिवसांत पाने पांढरी पडून भाजतात आणि आपण बियाण्याला नाहीतर खताला दोष देतो. टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपे लावणीपूर्वी ७ ते १० दिवस थोडी कणखर करून घ्यावीत: पाणी बेताने द्यावे, जाळी आधी सकाळी-संध्याकाळी, मग हळूहळू दिवसभर बाजूला करावी. रोपे विकत घेणाऱ्यांनी रोपवाटिकावाल्याला हे केले आहे का, ते विचारावे. लावणी दुपारनंतर ऊन कमी झाल्यावर करावी.

मंडपाच्या बाहेर टेबलावर आकाश म्हणजे बीडीएनजी ७९७ या बदनापूरच्या वाणाची आज पहाटे उपटलेली झाडे ठेवली आहेत आणि शेजारी दहापट मोठे दाखवणारी दोन भिंगे आहेत. पान डोळ्याशी धरून उजेडाकडे तिरपे करा, म्हणजे लवेच्या टोकावरचे थेंब चमकताना दिसतील. शेजारच्या दुसऱ्या पेंढीतील झाडे आम्ही पाण्याने धुऊन ठेवली आहेत. दोन्हींची पाने जिभेला लावून पाहा आणि काही विचारायचे असेल तर तेथेच विचारा.